सारवलेला बांध

भिवंडी
२८ मार्च १९७४

सुधीर,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनने ते माईच्या हातात दिलं आणि परदेशी तिकीट बघून तिने चष्म्याशिवायच ओळखलं. मी शाळेतून येईपर्यंत ते तिच्या उशाखाली होतं. मग म्हणाली, "कमळ, ह्यावर तुझं नाव आहे गं." इतकी वर्षं तू तिला लिहायचास आणि शेवटच्या 'घरच्यांना नमस्कार' मध्ये मला बसवायचास. आता एकदम मला पाकीट, तेही टाइप केलेलं. फोडताना वाटलं, वकिलाची नोटीस आहे.

तू बँकॉकला आहेस, पाच-सहा देशांनी पूर आणि वादळांसाठी मिळून काढलेल्या मंडळात आहेस, हे माईकडून कळलं होतं. बंगालच्या उपसागरात ते भयंकर वादळ झालं, लाखो माणसं गेली, त्यानंतर अशी मंडळं निघाली, हेही पेपरात वाचलं. 'एका देशाला पाण्याने शिकवलेलं दुसऱ्या देशाला फुकट मिळायला हवं' हे तुझं वाक्य चांगलं आहे. सातवीला निबंधाला देईन म्हणते.

पुढचं वाचलं आणि मी मोरीच्या कट्ट्यावर बसले. मदत कुणाला द्यायची त्या पाहणीसाठी तू जी गावं निवडलीस त्यात अंजूर घातलंस. अंजूरचा खारबांध! खाडी अडवून धरणारा तो मातीचा बांध, ज्याच्या आड गावाचं भात पिकतं. तो फुटला तेव्हा भाऊ शाळा सोडून लोकांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, छातीत कफ झाला आणि आपले वडील गेले. तू तेव्हा हॉलंडला शिकत होतास. तिथून लिहिलंस, 'त्या गावाने भाऊंना खाल्लं. हात पसरण्यापलीकडे त्या लोकांना काही येत नाही.' मी उलट लिहिलं, 'पुन्हा ह्या घरी येऊ नकोस.' दोघंही शब्दाला जागलो.

आता तुझे ते हॉलंडचे गुरुजी, होक्स्ट्रा साहेब, येणार आणि त्यांना दुभाषी हवा. मी करीन. भाऊंच्याच शाळेत शिकवते, गाव मला ओळखतं, इंग्रजी अगदीच गंजलेलं नाही. पण तुझ्यासाठी करत नाही, हे ध्यानात ठेव. तुझ्या साहेबाला गाव डोळ्यांनी बघू दे. मग तोच तुला सांगेल, कोण हात पसरतं ते.

माई विचारते, तिकडे भात कसला मिळतो. तिला कळव.

कमळ


भिवंडी
२० एप्रिल १९७४

चि. सुधीर,

पाहुणे येऊन गेले. तुला सांगते, तू असतास तर तुझी मान खाली गेली असती, आणि मला ती बघायला आवडली असती.

पाहुणे यायचे म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? घर सारवतात. हौसाने बांधच सारवायला काढला. हौसा तुला आठवेल. गावातल्या लग्नांत धवला म्हणते, मांडवात तिचा आवाज चढला की बँडवाले गप्प बसतात. तिचं शेत बांधाच्या अगदी पोटाशी आहे. तिने सगळ्या बायका जमवल्या. शेण, खाडीची काळी माती, भाताचा कोंडा. उघाडीपासून, म्हणजे पाणी सोडायच्या त्या लाकडी दारापासून, वडाच्या झाडापर्यंत सगळा बांध हाताने सारवून काढला. उघाडीपाशी तांदळाच्या पिठाचा चौक घातला, लग्नात घालतात तसा. मीही दोन हात लावले. 'बाहेरदेशीचे लोक आहेत, छान करा गं' हे मीच सांगितलं होतं.

होक्स्ट्रा साहेब उतरले आणि बघतच राहिले. एवढा उंच माणूस, बूट काढून हातात घेतले आणि सारवणावर पाय पडू नये म्हणून कडेच्या चिखलातून चालले. बरोबर बर्माचे एक इंजिनियर होते, मिंट नावाचे. बुटके, फार गोड माणूस. ते तर गुडघ्यांवर बसले आणि बांधावरून तळवा फिरवत राहिले. त्यांच्या आईचं गाव इरावतीच्या मुखाशी आहे, तिथेही असाच मातीचा बांध आहे म्हणाले. शेण किती, माती किती, कोंडा का, सगळं विचारून घेतलं. हौसाने सांगितलं, मी इंग्रजीत सांगितलं.

मग हौसा बांधावर थाप मारून काहीतरी म्हणाली आणि बायकांत हशा पिकला. साहेबांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, 'ती म्हणते, हा बांध आमची नवरी आहे.' साहेबांना ते इतकं आवडलं की माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्यांच्या हातात एक लांब सळई होती, बांधात खुपसून आतलं बघायची. मला विचारलं, 'खुपसली तर त्यांना वाईट वाटेल का?' मी म्हटलं, 'आमच्यात नवरीला टोचत नाहीत.' ते हसले. सळई गाडीत ठेवली.

दुपारी हौसाकडे जिताडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. मिंट साहेब काटे काढण्यात आपल्या बायकांना हरवतील. निघताना होक्स्ट्रा साहेब मला म्हणाले, आपला बांध इतका जपणारं गाव मी ह्या किनाऱ्यावर पाहिलं नाही. तुला सांगतीलच ते. मी काही म्हणत नाही.

माईने तुझं भाताबद्दलचं उत्तर वाचून घेतलं. चिकट भात म्हणजे तुला पोटाला जड जाईल म्हणते.

तुझी ताई


भिवंडी
१६ जून १९७४

चि. सुधीर,

रेल्वेच्या संपात टपाल कुठेकुठे अडकलं कोण जाणे, तुझं मे महिन्यातलं पत्र आत्ता मिळालं. माईला वाचून दाखवलं. 'मी चुकलो होतो. भाऊ कुणासाठी उभे राहिले ते मला होक्स्ट्रांच्या अहवालातून कळलं' इथे ती रडली. मी पत्र घडी करून ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसले.

हे वाक्य मला किती वर्षं हवं होतं ते तुला ठाऊक नाही. मनातल्या मनात मी तुझ्याशी ह्याच्यावरून किती भांडले असेन! आणि आता मिळालं तर घशाखाली उतरत नाही. उन्हाचा त्रास असेल. कामतघरच्या बाजूने कापडाचे नवे लूम आलेत, दिवसभर खडखडाट, डोकं ठिकाणावर राहत नाही.

अहवालात अंजूरचा बांध उत्तम ठरला, मदतीची गरज नाही, म्हणून उघाडीचा लोखंडी दरवाजा, दगड आणि पुराचा इशारा द्यायचा भोंगा खाडीपलीकडच्या गावाला मिळणार, असं तू लिहिलंस. ठीकच आहे. त्यांनाही गरज असेल. हौसा रोज विचारते, "बाय, सायबाचा लोखंडी दरवाजा कंदी येनार?" मी म्हणते, कागद फिरतोय.

एक सांगायचं राहिलं होतं. ते सारवण दर वर्षी होतं असं नाही. पाहुण्यांसाठी केलं होतं, थोडं हौसेने. तेव्हा मिंट साहेबांनी विचारून नेलेली ती कृती तिकडे करू नये, एवढं त्यांना कळव. त्यांची माती वेगळी असेल, उगाच त्यांचे कष्ट वाया जातील. बाकी काही नाही.

गेल्या आठवड्यात बांधावरून आले. चौक पुसला गेलाय, सारवणाचे पापुद्रे सुटतायत. तेवढं व्हायचंच. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

ताई


भिवंडी
५ ऑगस्ट १९७४

चि. सुधीर,

दिवाळीत येतोयस! माईने कोनाड्यातले तुझे जुने पितळी पेले काढून चिंचेने घासले. तू बसशील ती खुर्ची कुठली, ह्यावर तिचा रोज नवा विचार होतो. तुझ्या बढतीचं कळल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली आणि ती मुंग्यांनी नेली, तरी तिला आनंदच झाला.

पुस्तिकेचं वाचलं. कव्हरवर हौसा आणि बांध, खाली 'आमचा बांध, आमची नवरी', आणि हे पाच भाषांत छापून गावोगाव वाटणार. ऑक्टोबरच्या सभेत तू पडद्यावर पहिला फोटो हाच लावणार. आणि मिंट साहेब थांबलेच नाहीत म्हणे. आईच्या गावी बायका जमवून बांध सारवून घेतला, बांधाच्या मजबुतीसाठी ठेवलेला पैसा शाळेकडे वळवला.

सुधीर, ते थांबवता येईल का रे? म्हणजे पुस्तिका. माझं नाव तरी काढ. हौसाचं ते वाक्य मी पुरतं सांगितलं नव्हतं. त्याला पुढे शेपूट होतं. ती बाई थट्टेखोर, काहीतरी बोलून गेली, मला वाटलं साहेबांना कशाला. आता ते छापून येणार म्हटल्यावर मला कसंसंच होतं. तू म्हणशील ताईचं नेहमीचं, चांगलं झालेलं हिला सोसत नाही. असंच समज हवं तर.

परवा नारळी पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं होतं. हौसाचा मुलगा लडकू आणि गावातली पोरं उघाडीपाशी मातीच्या गोणी टाकत होती. मी नारळ सोडायला गेले होते, तोही नीट सोडवला नाही माझ्याने. आतल्या बाजूने पाणी झिरपताना दिसत होतं, म्हणजे असं मला वाटलं.

तू इंजिनियर आहेस म्हणून विचारते. सारवणाखाली खेकड्यांची बिळं असली, पुष्कळ असली, तर असा बांध किती टिकतो? शाळेतली मुलं विचारत होती.

ताई


भिवंडी
१९ ऑगस्ट १९७४

सुधीर,

बांध फुटला. शनिवारी, पिठोरीच्या दिवशी, शाळा सुटायच्या बेतात. उधाणाला वारा मिळाला आणि उघाडीशेजारचा तुकडा आत बसला. मोठा आवाज वगैरे झाला नाही. शाळेच्या ओट्यावरून बघितलं तर शेतात भाताच्या रोपांची टोकं दिसत होती, फळा पुसून आले आणि बघितलं तर तीही नव्हती.

माणूस गेलं नाही. हे आधी सांगते, कारण मी स्वतःला सारखं हेच सांगतेय. हौसाच्या शेळ्या गेल्या, तिच्या घरात गुडघाभर खारं पाणी, आणि बांधाच्या पोटाशी असलेली सगळी शेतं मिठाने मेली. लोक म्हणतात, दोन-तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवायची नाही. लडकू येत्या सोमवारपासून कामतघरला लूमवर जाणार. ज्या पोराला नांगराशिवाय काही धरता येत नाही तो आता शिफ्टमध्ये धागे जोडणार.

मुलांनी काही विचारलं नव्हतं, सुधीर. मीच विचारत होते. त्या बिळांची मला एप्रिलपासून माहिती होती. सगळ्या गावाला होती. उघाडीशेजारी तर हात कोपरापर्यंत आत जायचा. आम्ही सारवलं तेव्हा मी माझ्या हाताने तीन बिळं बुजवली, वरून शेण फिरवलं आणि किती सुबक झालं म्हणून मागे सरून बघितलं. त्यात बायकांचं पाप नाही. पाहुण्याला घर सारवून दाखवायचं आणि मग बसल्यावर दुखणं सांगायचं, ही त्यांची रीत. हौसाने ते सांगितलंही. बांधावर थाप मारून ती म्हणाली होती:

"सायेब, वरून नवरी हाय, आतून म्हातारी. तिची हाडं बगा आदी."

साहेबांनी विचारलं काय म्हणते, आणि मी म्हटलं, नवरी आहे म्हणते. म्हातारी मी गिळली. सळईचं त्यांनी विचारलं तेव्हा हौसाला विचारायला हवं होतं. ती स्वतः म्हणाली असती, खुपस की बाबा, त्याच्यासाठीच आलायस. नवरीला टोचत नाहीत, हे माझंच. असलं काही आपल्याकडे कुणी म्हणत नाही.

का केलं, ते तुला कळलंच असेल. त्या साहेबाच्या तोंडून तुझ्या कानावर एकच गोष्ट जावी, भाऊ ज्यांच्यासाठी गेले ती माणसं स्वतःचं स्वतः निभावतात. तू 'चुकलो' म्हणावंस. बांधाचं मला त्या घटकेला काही पडलंच नव्हतं. तुझ्याशी भांडण जिंकायचं होतं, जिंकले.

आणि सगळ्यात कठीण ते अजून सांगितलेलं नाही. काल मी गावात गेले. हौसा चुलीतला चिखल काढत होती. मला बघून तीच उठली, ओल्या पदराने माझ्यासाठी पाट पुसला. म्हणाली, "बाय, तू नको जीवाला लावून घेऊ. तू सांगितलंस की त्याला, मी सोता ऐकलं ना. गोरा हसला आनि गेला मेला. त्यांना आपल्या म्हातारीचं काय पडलंय!" अख्खं गाव साहेबाला शिव्या घालतंय, आणि माझी समजूत काढतंय. मी तिच्या हातचा कोरा चहा प्यायले. प्यायले, सुधीर, आणि काही न बोलता घरी आले.

मिंट साहेबांना तार कर. त्यांच्या आईच्या गावचा बांध सारवणाखाली कसा आहे कुणी बघितलाय? पैसा शाळेकडे वळवला म्हणालास. पुस्तिका थांबव. तुझ्या साहेबांना माझं हे पत्र वाचून दाखव. त्याने तुझ्या बढतीचं काय होईल ते मला कळतं. माईने पेले घासून ठेवलेत, तेही मला रोज दिसतात.

ताई


भिवंडी
१२ सप्टेंबर १९७४

चि. सुधीर,

तुझं एक्स्प्रेस पत्र आलं. तू माझ्यावर चिडला नाहीस, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. 'झालं ते झालं. पुस्तिका छापून तयार आहे, दुसऱ्या आवृत्तीत कव्हर बदलू. मिंटला मी सभेत भेटल्यावर बाजूला घेऊन सांगतो. होक्स्ट्रांना तू काही कळवू नकोस. गावात तर अजिबात बोलू नकोस, तुझं तिथे राहणं कठीण होईल.' सगळं माझ्या काळजीने लिहिलंयस. मीच असते तर असंच लिहिलं असतं. एप्रिलमध्ये मी दुसरं काय केलं होतं? वरून हात फिरवला होता.

तर आता ऐक. तुझं पत्र यायच्या आधीच मी दोघांनाही लिहून मोकळी झाले होते. मिंट साहेबांनी जाताना त्यांचं कार्ड दिलं होतं, त्यांना त्या पत्त्यावर, आणि होक्स्ट्रा साहेबांना त्यांच्या हॉलंडच्या पत्त्यावर. तुला न विचारता टाकली, कारण तू नको म्हणशील हे माहीत होतं आणि तू नको म्हटल्यावर माझा हात मागे आला असता. तुझी बढती गेली तर ती मी घालवली. त्याबद्दल तुझी क्षमा मागते. पण बर्मातल्या बायकांनी माझ्या अर्ध्या वाक्यावर विसंबून झोपावं, हे मला सोसलं नाही. सभेपर्यंत तिकडे किती उधाणं येतील!

मिंट साहेबांचं उत्तर काल आलं. दोनच ओळी. आईच्या गावी जाऊन त्यांनी सळई घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. पैसा परत बांधाकडे वळवलाय. खाली लिहिलंय, त्या बाईंना माझे आभार सांगा. कुठल्या बाईंना ते त्यांनी लिहिलं नाही, पण मला कळलं.

आणि गावात बोलले.

उधाण ओसरलंय तोवर गाव बांध घालतंय. खाडीपलीकडचेही आलेत, ज्यांना तुमचा लोखंडी दरवाजा मिळाला ते. त्यांनी आपले जास्तीचे दगड होडीतून आणले, न मागता. तुझं ते एका देशाने दुसऱ्या देशाला द्यायचं, ते इथे होडीतून येतं. बायका रांग करून घमेली पुढे देतात. मी हौसाच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हौसा, मी साहेबाला म्हातारीचं सांगितलं नव्हतं." तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. नवरीचं, सळईचं.

घमेलं तिच्या हातात तसंच राहिलं. रांग थांबली.

"म्हंजी गोऱ्याला म्हाईतच न्हाय?"

"नाही."

"आनि मी त्याला शिव्या घालते हाय." मग घमेलं कमरेला टेकवून, "कशापायी केलंस गं बाय?"

"माझ्या भावाला दाखवायला."

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "भाऊ तुजा, आनि शेत माजं."



बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, हिला शाळेतनं काढा. कुणी म्हणालं, मास्तरांची लेक हाय, जाऊ दे. हौसाने त्यांना गप्प केलं. घमेलं खाली ठेवून कमरेवर हात घेतले. "आता म्हन. इंग्रजीत. पुरं म्हन, हितं, सगळ्यांच्या म्होरं." मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. 'अ ब्राइड ऑन टॉप, ॲन ओल्ड वूमन इनसाइड. लुक ॲट हर बोन्स फर्स्ट.'

तिला एक अक्षर कळलं नाही, पण ती हलायला तयार नव्हती. "ह्याच्यात म्हातारी कुटं आली?"

"ओल्ड वूमन."

"परत म्हन."

"ओल्ड वूमन."

"वोल वुमन," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. जिभेवर नीट बसेपर्यंत म्हणत राहिली, आणि मग घमेलं उचललं. थोड्या वेळाने तिने ते धवल्याच्या चालीवर धरलं. पुढचीने उचललं, तिच्या पुढचीने. घमेलं हातात आलं की 'वोल वुमन', पुढे दिलं की 'वोल वुमन'. कुणी हसत नव्हतं. मला हौसाने रांगेच्या शेवटी ढकललं, उघाडीपाशी, जिथे घमेल्यातला चिखल अंगावर गळतो. तेव्हापासून शाळा सुटली की मी तिथेच असते. ती माझ्याशी बोलत नाही. घमेलं मात्र माझ्या हातात येतं.

माईला काल सगळं सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "मग तो आता यायचा नाही का?" मी म्हटलं, माहीत नाही. पेले तिने अजून कोनाड्यात परत ठेवलेले नाहीत.

सभेत फोटो लावशील तर खाली हौसाचं पुरं वाक्य लाव. तिच्या नावाने. आणि अर्धं कुणी सांगितलं होतं तेही लाव, माझ्या नावाने. पाच भाषांत ते सांगणारी माणसं तुझ्याकडे असतील. त्यांना म्हणावं, शेवटपर्यंत सांगा.

मी तुला एकदा येऊ नकोस म्हटलं होतं. ते शब्द आज परत घेते, तुझ्या 'चुकलो'शी त्याचा काही संबंध नाही. तोही तू परत घेतलास तरी चालेल, तो मी फसवून मिळवला होता. दिवाळीपर्यंत बांध पुरा होणार नाही. आलास तर बूट काढून ये. रांगेच्या शेवटी, माझ्या शेजारी, एका माणसाची जागा आहे.

तुझी
ताई